तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टी बांधायला मी का येत नाही

3 डिसेंबर, म्हणजे दिव्यांग दिन, जवळ आला की मला, एका अंध बाईला, फोन सुरू होतात. ‘‘मॅडम, मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधून अर्धा तास चालायला लावायचंय. तुम्ही पाहुण्या म्हणून या.’’ मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘‘पण त्यानं मुलांना तुमचं दुःख कळतं. मग त्यात वाईट काय?’’

माझी तक्रार त्या ‘दुःख’ शब्दापाशीच आहे.

आधी कबूल करते, सात-आठ वर्षं हा उपक्रम मीच घेत होते. आईच्या जुन्या काळ्या साडीच्या पट्ट्या मी स्वतः शिवून घेतल्या होत्या. मुलं भिंतींना धडकायची, एखादी रडायची, टाळ्या व्हायच्या. आज चाळीस जणांना आपण कळलो, असं मनात म्हणत मी घरी यायचे.

मग पुण्यातल्याच एका कॉलेजात गेले. मी मराठीची नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, झालेले. तिथे सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, तास मिळायचं जवळपास ठरलं होतं. विभागप्रमुखांनी माझं लेक्चर ऐकलं होतं, त्यांना ते आवडलंही होतं. त्या दिवशी मीच म्हटलं, ‘‘सर, तुम्हीही बांधा ना.’’ गाठ मीच मारली. त्यांच्या मानेवरचा घाम माझ्या बोटांना लागला. सर जिन्याच्या वरच्या पायरीशी जाऊन थांबले. काठी एकाच फरशीवर टकटक, टकटक. मी तीन पायऱ्या खाली उभी राहून सांगत होते, ‘‘काठीचं टोक कडेवरून खाली सोडा सर, पायरी किती खोल आहे ते कळेल.’’ ते हलेनात. शेवटी दोन मुलांनी दंडाला धरून उतरवलं. पट्टी सोडल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘‘तुम्हाला रोज हे करावं लागतं? मी चार पावलांत खचलो हो.’’ आवाज भरून आला होता, खरंच आला होता.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, तास सुटताना मुलांची झुंबड. ‘‘आम्हाला आता कळलंय मॅडम. तुम्हाला या त्रासात टाकणं मनाला पटत नाही.’’

त्याच जिन्यावरून त्या दिवशी मी चार वेळा चढ-उतार केली होती, एकटीनं.

सरांवर माझा राग नाही. अंधत्वाची पहिली दहा मिनिटं मीच त्यांच्या हातात दिली, आणि तेच माझं आयुष्य असं त्यांनी धरलं. काठी मी कित्येक महिने शिकले. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा टोक डावीकडे हवं, हे अंगात मुरायलाच किती दिवस गेले. आता दुकानांची रांग संपून बोळ आला की कानाला मोकळं लागतं, तिथे वळायचं. हे पट्टीखाली कुठून कळणार? आणि मला अडवतात त्या फुटपाथवर लावलेल्या गाड्या, बसमधली बंद घोषणा, चित्रातली अक्षरं ओळखल्याशिवाय पुढे न सरकणारा ऑनलाइन फॉर्म. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये यातलं काहीच नसतं.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. अमेरिकेतल्या एरिएल सिल्वरमन या स्वतः अंध असलेल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2015 मध्ये छापून आला. पट्टी बांधून काही कामं केलेल्यांना अंध माणसं नोकरी करायला, स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटू लागली होती. तो वाचला तेव्हा मला तो जिना आठवला.

पण मग तिचं काय करू? त्याच दिवशी पट्टी बांधलेली एक मुलगी पुढे लेखनिक झाली. अंध मुलांचे पेपर लिहायला सुट्टी काढून जाते. मी तिला म्हटलं, तू एरवीही आली असतीस. ती म्हणाली, ‘‘नाही ताई, पट्टी नसती तर मला सुचलंच नसतं.’’ जुनी मी लगेच तिच्या बाजूनं बोलायला लागते: एक जरी अशी निघाली तरी? आणि एक जरी नोकरी गेली तरी? मला उत्तर देता येत नाही. पट्ट्या टाकूनही दिलेल्या नाहीत.

तरी तुमच्याकडे त्या घेऊन येणार नाही. बोलवायचंच असेल तर एक तास शिकवायला बोलवा. कविता शिकवीन. वर्ग कितव्याही मजल्यावर असू दे.