हत्तीच्या पिल्लाची स्लाइड

लॅबमध्ये नोकरी केलेल्या बाईला हत्तीचं पिल्लू दाखवा, ती त्याच्या कानामागची शीर शोधणार, असं माझी लेक म्हणते. खोटं नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या झूमध्ये तिनं मला जॉय नावाचं पिल्लू दाखवायला नेलं होतं. जुलै २०१७ चा जन्म, आईचं नाव शांती. पोरगी आईच्या तोंडात सोंड घालून तिचाच घास काढून घेत होती, नातू खिदळत होता, आणि मी बघत होते शांतीकडे. राखणदारानं खूण केली की ती गजांना अंग लावून उभी राहायची आणि कान पुढे करायची. हत्तीचं रक्त कानामागून काढतात. आमच्या लॅबमध्ये सुई दिसली की चांगले मिशीवाले तोंड फिरवायचे. ही मात्र खाऊच्या बोलीवर आपणहून कान देते.

पिल्लांचं रक्त तिथं दर आठवड्याला तपासतात. २००८ मध्ये याच झूमधलं मॅक नावाचं दोन वर्षांचं पिल्लू गेलं. कारण ईईएचव्ही, म्हणजे हत्तींचा हर्पिस. मोठ्या हत्तींच्या अंगात तो गुपचूप बसलेला असतो. पिल्लाला आईकडून मिळालेल्या अँटीबॉडीज ओसरल्या की, साधारण एक ते आठ वर्षांच्या वयात, तो उसळतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, आतल्या आत रक्तस्राव होतो, जीभ निळी पडते. लक्षणं दिसल्यावर बऱ्याचदा एक-दोन दिवसच हातात असतात. मॅकनंतर झूनं जवळच्याच बेलर मेडिकल कॉलेजची मदत घेतली. शांतीला २०१० मध्ये झालेल्या पिल्लाचं नावच बेलर ठेवलं.

आता माझा विषय. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार म्हणजे मोनोसाइट. हत्तीच्या मोनोसाइटचं केंद्रक बहुतेकदा दोन पाळ्यांचं, म्हणजे दोन भागांचं असतं. माणसांसाठी बनवलेलं सेल काउंटर (पेशी मोजणारं मशीन) गोंधळतं आणि या पेशी लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या खात्यात टाकतं. गंमत बघा, आजार दिसायला लागण्याआधी ज्या पेशी घटतात त्यांत नेमक्या याच असतात. म्हणजे मशीनवर भिस्त ठेवली तर धोक्याची घंटा ऐकूच येणार नाही. मग काचेवर रक्ताचा थेंब ओढून स्लाइड करा, रंगवा आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी मोजा. मशीन आल्यावर आमच्याकडची नवी पोरं ‘मॅडम, आता हातानं डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) कशाला?’ म्हणायची. त्यांच्या ग्रुपवर ही गोष्ट मी मुद्दाम टाकली.

पीसीआरमध्ये (विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) विषाणू वाढताना दिसला की फॅमसायक्लोव्हिर (आपण नागिणीवर देतो तेच), मोठ्या हत्तीचा प्लाझ्मा आणि गुदद्वारातून भरपूर पाणी, असे उपचार लगेच सुरू होतात. सगळी पिल्लं तरीही वाचत नाहीत. हा विषाणू लॅबमध्ये वाढवता येत नाही, त्यामुळे जुन्या पद्धतीची लस अडली होती. बेलरच्या पॉल लिंग यांच्या गटानं कोविडच्या लशींतलं एमआरएनए तंत्र वापरलं, आणि जून २०२४ मध्ये ह्यूस्टनच्याच टेसला, चाळीस वर्षांच्या हत्तिणीला, पहिला डोस टोचला. पिल्लांआधी मोठ्या हत्तिणीवर बघायचं, हा शहाणपणाचा क्रम.

हत्ती झूमध्ये असावेत का? मला नाही पटत. आपल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानंही २००९ मध्ये झूंमधले हत्ती हलवायला सांगितले होते. (२०२५ मध्ये नांदणीच्या मठातल्या महादेवी हत्तिणीला जामनगरला नेलं तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. तो विषय इथं नको.) पण विषाणू झूची हद्द मानत नाही, भारतात जंगली पिल्लंही त्यानं दगावली आहेत. भुवनेश्वरच्या नंदनकाननमध्ये २०१९ साली महिन्याभरात चार पिल्लं गेली. डीएनएवरून केलेल्या ताज्या मोजणीत देशात २२,४४६ जंगली हत्ती आहेत, आणि हत्तीण बावीस महिने पोट वागवते, मग पुढची चार-पाच वर्षं दुसरं पिल्लू नाही. जंगल तुटतंय, रेल्वे आणि विजेच्या तारा हत्ती मारतायत, त्यात ही भर. जंगलातल्या पिल्लाचा कान कोणी धरू शकत नाही, त्यामुळे उपचार आणि लस शिकायची ती माणसाळलेल्या हत्तींवरच.

आपल्या गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे. तिथं ह्यूस्टनसारखी लॅब उभी राहील अशी माझी अपेक्षा नाही. पण एक मायक्रोस्कोप, पेशी रंगवायच्या लीशमन स्टेनची बाटली आणि दोन पाळ्यांचा मोनोसाइट ओळखणारी जवळपासची एखादी मुलगी, एवढं जमण्यासारखं आहे. शिकवायला मी येते, प्रवासखर्च माझा.