मायना

पुण्यातल्या एका विद्यापीठात वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी मोडी लिपीच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा अवघड काही असलेच तर ती लिपी असेल अशी माझी समजूत होती. प्रवेशाचा अर्ज, ओळखपत्र, ग्रंथालयाचे कार्ड हे सगळे सोपस्कार दोन दिवसांत उरकले. माझ्या मोबाइलला विद्यापीठाच्या वाय-फायवर जागा मिळायला मात्र तीन आठवडे लागले. विद्यापीठाने मला विद्यार्थी म्हणून पदरात घेतले होते. माझ्या यंत्रांचे प्रवेश अजून व्हायचे होते.

संगणक केंद्राच्या खिडकीवर त्यासाठी छापील अर्ज मिळतो. त्यात नाव, विभाग, हजेरी क्रमांक आणि त्याखाली 'मॅक ॲड्रेस' असे लिहिलेल्या दोन मोकळ्या ओळी असतात. दोनच, कारण एका विद्यार्थ्याला दोनच उपकरणे जोडण्याची मुभा आहे. माझ्याकडे मुलाने वापरून टाकलेला एक टॅबही होता आणि जुन्या कागदांच्या छायाप्रती मोठ्या करून वाचायला तोच सर्वांत सोयीचा होता. पण मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यापुढे त्याचा नंबर लागला नाही. तो अजूनही वर्गात माझ्यासोबत येतो आणि घरी उतरवून घेतलेली पाने दाखवून परत जातो.

मॅक ॲड्रेस म्हणजे यंत्रातल्या वाय-फायच्या चिपला कारखान्यात मिळालेला बारा चिन्हांचा क्रमांक. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरे, एवढ्याच सामग्रीतून तो तयार होतो. सामान्यतः पहिली सहा चिन्हे बनवणाऱ्या कंपनीची आणि उरलेली सहा त्या एका नगाची असतात. म्हणजे आडनाव आधी आणि नाव नंतर, आपल्या सरकारी याद्यांसारखे. मी तो क्रमांक रात्री घरी बसून, सेटिंग्जच्या तीन पायऱ्या उतरून, चष्मा कपाळावर चढवून कागदावर उतरवला. इंग्रजी आठ आणि बी, शून्य आणि डी यांनी बराच छळ केला, कारण ज्याला मोडीतली एकात एक गुंतलेली अक्षरे सोडवायची आहेत त्याचे स्वतःचे हस्ताक्षर चांगले असेलच असे नाही.

आठवड्याने लॅपटॉप जोडला गेला. मोबाइल मात्र 'जोडत आहे' एवढेच म्हणत राहिला. मी पुन्हा खिडकीवर गेलो, तेव्हा तिथल्या तरुणाने माझा अर्ज फायलीतून काढला, अर्ज पाहिला न पाहिला आणि म्हणाला, "काका, हा फोनचा खरा पत्ता नाहीये. दुसरं अक्षर बघा." दुसऱ्या जागी ए होता. त्याने समजावून सांगितले की बारा चिन्हांपैकी दुसरे चिन्ह दोन, सहा, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता सहसा कारखान्यातला नसतो, फोनने स्वतःच बनवलेला असतो. आणि असा पत्ता तो प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा बनवतो. मी तो घरच्या वाय-फायवर असताना उतरवला होता. विद्यापीठाच्या दारात येऊन माझ्या फोनने दुसरेच टोपणनाव सांगितले होते आणि दाराने, योग्यच केले म्हणा, त्याला आत घेतले नाही.

त्याच दिवशी वर्गात आम्ही पेशवाईतल्या एका पत्राचा मायना वाचत होतो. पत्र कोणाला, कोणाकडून, त्यांचे परस्परांशी नाते काय, हे सगळे 'श्रीमंत', 'सेवेसी', 'साष्टांग नमस्कार' अशा ठरलेल्या शब्दांत आधी येते आणि 'विनंती विशेष' झाल्यावरच मजकूर सुरू होतो. वाय-फायवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यालाही असाच मायना असतो: कोणाला आणि कोणाकडून. फरक एवढाच की आतला मजकूर कुलूपबंद केला तरी हा मायना उघडाच जातो, नाहीतर तो तुकडा कोणासाठी आहे हे कोणालाच कळणार नाही. शिवाय खिशातला फोन ओळखीचे वाय-फाय जवळपास आहे का, अशा हाका अधूनमधून मारतच असतो, आणि पूर्वी त्या प्रत्येक हाकेत त्याचे कारखान्यातले खरे नाव असायचे. दुकानात एक लहानसे यंत्र ठेवले की तोच फोन किती वेळा आला आणि किती वेळ रेंगाळला हे फोनच्या मालकाला न विचारता कळायचे. म्हणून अँड्रॉइडने २०१९ मध्ये आपल्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनने २०२० मध्ये वाय-फायला जोडले जातानाही मायन्यात टोपणनाव घालण्याची सवय आपणहून लावून घेतली. मला ती मनापासून पटते. लक्ष्मी रस्त्यावरून जाताना माझे नाव प्रत्येक दुकानदाराला कळावे असे मला कधीच वाटलेले नाही.

पण विद्यापीठाची बाजूही खोटी नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात निघाले आणि त्या घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. पुढच्याच वर्षी दूरसंचार खात्याने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याविषयी सूचना काढल्या. तेव्हापासून वाय-फाय देणाऱ्या प्रत्येकाला आपल्या दारातून कोण आत गेले याची वही ठेवावी लागते, जशी आमच्या सोसायटीचा वॉचमन ठेवतो. त्या वहीत रोज नवे टोपणनाव लिहिणारा पाहुणा कोणालाच परवडत नाही. तरुणाने सांगितल्याप्रमाणे मी फक्त विद्यापीठाच्या वाय-फायपुरता फोनचा मुखवटा काढला आणि नवा अर्ज भरला.

मध्यंतरी दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठाचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले होते. आम्ही त्यांच्यासाठी पाहुण्यांचा पासवर्ड मिळवण्याच्या खटपटीत असताना त्यांचा लॅपटॉप केव्हाच जोडलाही गेला होता. ही एड्यूरोम या विद्यापीठांच्या सामाईक वाय-फाय व्यवस्थेची किमया. २००२ मध्ये क्लास विरेंगा या डच तंत्रज्ञाने ही कल्पना मांडली. भारतात तिची व्यवस्था अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांचे नेटवर्क चालवणारी संस्था पाहते. पाहुण्याने आपले नाव सांगितले की त्यातल्या संस्थेच्या नावावरून यजमान विद्यापीठ त्याच्या मूळ संस्थेकडे विचारणा करते, आणि तिने 'आमचाच आहे' म्हटले की त्याला आत घेते. पासवर्ड फक्त मूळ संस्था तपासते, यजमानाला तो दिसत नाही. पूर्वी वार लावून जेवत शिकण्यासाठी पुण्यात येणारी मुले गावाकडून कोणाची तरी चिठ्ठी घेऊन यायची, तिची मला आठवण झाली. इथे चिठ्ठी आणि तिचे उत्तर डोळ्याचे पाते लवायच्या आत येऊन जाते.

ही सोय मला हवीहवीशी वाटली, तेव्हा वर्गातल्या एका मुलाने ती माझ्या फोनवर बसवून देण्याची तयारी दाखवली आणि फोनने 'सर्टिफिकेट' विचारल्यावर "ते तपासू नको असं निवडायचं, काका" असा सल्ला दिला. पर्याय सापडला नाही, कारण अँड्रॉइडच्या ११ व्या आवृत्तीत, २०२० च्या अखेरीस, ही पळवाट बंद होऊ लागली होती. ते बरेच झाले. सर्टिफिकेट म्हणजे विद्यापीठाने आपल्याला दाखवायचे ओळखपत्र. ते न तपासता पासवर्ड दिला, तर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याच नावाचे वाय-फाय लावून बसलेल्या कोणालाही तो दिल्यासारखे होते. मोडीतही बनावट कागद ओळखताना आमचे सर आधी शिक्का पाहायला लावतात, अक्षर नंतर.

गेल्या सोमवारी मी पुन्हा त्या खिडकीपाशी उभा होतो, कारण वर्ष संपले की जुन्या नोंदी पुसून नव्याने अर्ज घेतले जातात. माझ्यापुढे पहिल्या वर्षाची एक मुलगी मोबाइल एका हातात धरून बारा चिन्हे उतरवत होती. सवयीने माझी नजर दुसऱ्या जागेवर गेली. तिथे ई होता. मी तिला ते सांगितले आणि फोनने स्वतःच बनवलेला पत्ता इथे का चालणार नाही, हेही सांगितले.

"काका, तुम्ही कॉम्प्युटरवाले का?"

"नाही, मोडीवाले," मी म्हणालो. तिने खिडकीतून कोरा अर्ज मागून घेतला.