आमची वाटचाल: आधी आउटडोअरची जागा, मग एसी

नाशिकमध्ये आमचं काम सुरू झालं खिडकीच्या एसीपासून. तिथे जागेचा प्रश्नच नव्हता. स्प्लिट आले, मशीनचे दोन भाग झाले, आत थंड हवा देणारा आणि बाहेर उष्णता फेकणारा, आणि आमच्या कामाचा भर हळूहळू त्या बाहेरच्या भागावर, म्हणजे आउटडोअरवर गेला. ‘एसी थंड करत नाही’ या तक्रारीत बऱ्याचदा मशीन धड असतं, जागा चुकलेली असते. म्हणून आता किती टनाचा घ्यायचा हे बोलण्याआधी आम्ही बाल्कनी, डक्ट (इमारतीतली पाइपांसाठीची उभी पोकळी) आणि गच्ची पाहून येतो.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतली सुमारे पाच किलोवॅट उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, मिळून साडेसहा-सात किलोवॅट उष्णता आउटडोअरला बाहेर फेकायची असते. गंगापूर रोड, इंदिरानगर भागातल्या नव्या इमारतींत आउटडोअर बरेचदा अरुंद डक्टमध्ये एकावर एक लागतात. खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याचं मशीन तीच ओढतं. मे महिन्यात बाहेर 40 अंश असताना ते 45-46 अंशांची हवा घेऊन चालतं. आतल्या गॅसचं प्रेशर वाढतं, वीज जास्त जाते, शेवटी कॉम्प्रेसर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. हे घरीही तपासता येतं. एसी अर्धा तास चालवा आणि आउटडोअरच्या मागच्या जाळीपाशी थर्मामीटर धरा. मोकळ्या सावलीतल्या हवेपेक्षा चार-पाच अंश जास्त दिसले, तर फेकलेली हवाच परत येते आहे. अशा वेळी गॅस भरून काहीही सुधारत नाही, उलट जास्त गॅसने प्रेशर आणखी चढतं. बंदिस्त ड्राय बाल्कनीतही हेच होतं.

मागे किमान 15 सेंमी, पाइप जोडतात त्या व्हॉल्व्हच्या बाजूला 50 सेंमी, समोर एक मीटर मोकळं, एवढं आम्ही धरतो. पश्चिमेची भिंत शक्यतो टाळतो. टाळता आली नाही तर वर पत्रा घालतो, पण टोपीसारखा चिकटवून नाही, अर्धा मीटर उंच.

भिंत कशाची आहे हे ड्रिल लावण्याआधी विचारा. सिपोरेक्समध्ये (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकमध्ये) साधा फास्टनर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण कंपनाने महिनोन्‌महिने सैल होत जातो, आणि आउटडोअर असतो 25 ते 35 किलोचा. तिथे आरपार बोल्ट आणि आतून मोठी पट्टी, नाहीतर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवून बसवलेला बोल्ट. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या माती-विटांच्या भिंतीवर आम्ही स्टँड टांगतच नाही. जमिनीवर किंवा गच्चीच्या कोब्यावर रबर पॅड देऊन ठेवतो.

गच्ची दूर पडली की दोन भाग जोडणारा कॉपरचा पाइप वाढतो. कंपनीने भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरताच असतो, अनेक मॉडेलमध्ये पाच ते साडेसात मीटर. पुढच्या प्रत्येक मीटरला आर-32 गॅस साधारण 15 ते 20 ग्रॅम लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरावा. पाइप जोडल्यावर, गॅस सोडण्याआधी, पंपाने आतली हवा आणि ओल काढून व्हॅक्युम 500 मायक्रॉनपर्यंत आणायचा, पंप बंद करायचा आणि गेजवरचा आकडा चढतो का ते दहा मिनिटं पाहायचं. ओल राहिली तर कॉम्प्रेसरचं तेल खराब होतं.

भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा आणि पाइपला आत शिरण्याआधी खाली एक वळण द्या, म्हणजे पावसाचं पाणी पाइपवरून घरात येत नाही.

आणि सर्व्हिसवाल्याला तिथे पाय ठेवून उभं राहता येईल का, हे आधी पाहा. सातव्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून कॉइल धुवायला लागेल अशा जागी आम्ही आउटडोअर लावत नाही.