चांगदेव ते थाळनेर: दगडी वास्तूंसाठी कॅमेरा बॉडी

भुसावळहून उजाडायच्या आत निघालो, की ऊन कोवळं असतानाच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाच्या देवळापाशी पोचता येतं. काळ्या दगडावर एका बाजूने ऊन आलं की उजेडातली भिंत आणि कोनाडा यांत प्रचंड फरक पडतो. म्हणून इथे मी मेगापिक्सेलच्या आधी डायनॅमिक रेंज, म्हणजे एकाच फोटोत उजेड आणि सावली दोन्हींतले तपशील धरण्याची ताकद, बघतो. निकॉन झेड ८ चा मूळ आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची मूळ संवेदनशीलता) ६४, म्हणजे बराच कमी आहे. त्यामुळे सावल्या उचलल्या तरी दगडाचा पोत टिकतो, दाणे उठत नाहीत.

मेगापिक्सेल लागतात ते वेगळ्याच कारणाने. कॅमेरा वर तिरपा केला की भिंती आत कलतात. त्या नंतर संगणकावर सरळ केल्या की वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापाव्या लागतात. सोनी ए७आर ५ चे ६१ मेगापिक्सेल (९५०४ × ६३३६) ही कापाकापी सोसतात. न कापता ३६ इंच रुंद प्रिंट काढली तर इंचाला २६४ पिक्सेल मिळतात, झेड ८ च्या ४५ मेगापिक्सेलमधून २२९. भिंतीवर टांगलेल्या फोटोत एवढ्याने काही बिघडत नाही.

माझं मत विचाराल तर ४५ मेगापिक्सेलची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या आणि उरलेले पैसे शिफ्ट लेन्सला, म्हणजे कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणाऱ्या लेन्सला, लावा. कॅननची २४ मिमी टीएस-ई ही अशीच लेन्स, ती ॲडॅप्टर लावून कॅननच्याच ४५ मेगापिक्सेलच्या आर५ वर चालते. कॅमेरा आडवा आणि लेव्हलमध्ये ठेवून लेन्स १२ मिमी वर, मध्ये आणि १२ मिमी खाली अशा तीन फ्रेम घ्यायच्या. मधली फ्रेम जोडणीसाठी लागतेच, कारण टोकाच्या दोन एकमेकींवर चढत नाहीत. जोडल्यावर उंची दुप्पट, म्हणजे जवळजवळ ९० मेगापिक्सेल, आणि भिंती सरळच. जवळचा खांब फ्रेममध्ये असला तर मात्र जोड चुकतो, कारण लेन्स सरकली की नजरेची जागाही सरकते.

ट्रायपॉडवर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) बंद करा, टायमर २ सेकंदांचा लावा. चांगदेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याकडे आहे, ट्रायपॉडची परवानगी आधीच काढावी.

धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. एप्रिलात दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, लांबून टेलिफोटोने टिपलेलं कोरीवकाम पुसट येतं. त्यावर कुठलीच बॉडी उपाय नाही, जवळ जावं लागतं. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ठेवा. एफ/१६ ला छिद्र बारीक होतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, ६१ मेगापिक्सेलचा फायदा वाया जातो. आणि रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) लॉसलेस कॉम्प्रेस्डच, म्हणजे तपशील न गमावता लहान केलेली, ठेवा. सोनीची अनकॉम्प्रेस्ड फाइल साधारण १२० एमबीची असते, पाच एक्स्पोजरच्या एका ब्रॅकेटला (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो) ६०० एमबी जातात.