अकरावा आठवडा: अठरावरून नऊवर

मी पोहायला शिकतेय, आणि टँकची एक पूर्ण लांबी, म्हणजे पंचवीस मीटर, न थांबता पोहायची आहे. मागच्या वेळी मी "आता पंचवीस मीटर म्हणजे चार दिवसांचं काम" असं लिहिलं होतं. ते वाक्य कृपा करून विसरून जा.

मंगळवारी अठरा मीटर गेले. बुधवारी बारा. गुरुवारी नऊ. शुक्रवारीही नऊच, आणि त्यातलं शेवटचं अंतर म्हणजे पोहणं नव्हतं, पाण्याशी मारामारी होती. शनिवारी पाण्यातून बाहेर आले आणि कपडे बदलायच्या खोलीत पाऊण तास नुसती बसून राहिले. बाहेर लेक दार वाजवत होती, "आई, झोपलीस का?"

माझी मोजपट्टी तुम्हाला ठाऊक आहेच: टँकच्या कडेला पत्र्याच्या शेडचे खांब, दर तीन मीटरला एक. मंगळवारी सहाव्या खांबाला हात टेकला तेव्हा मी ओरडले होते. गुरुवारी तिसऱ्या खांबापाशी उभी राहून खोकत होते. पोहायला शिकवणारे सर कडेवरून म्हणाले, "मॅडम, लातूरची माणसं आपण. टँकचं पाणी पिऊन संपवायलाव काय?"

फ्लोटिंग, ग्लाइड, किक यांवर आता लिहीत नाही, ते बसलंय. किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून पूर्ण लॅप न थांबता होतो. हात-पायही जमतात. अडतं ते सगळं साइड ब्रीदिंगपाशी, म्हणजे पोहता पोहता तोंड बाजूला वळवून श्वास घेण्यापाशी. पहिला श्वास छान, दुसरा बरा, तिसऱ्याला निम्मी हवा आणि निम्मं पाणी, आणि चौथ्याला पाय जमीन शोधायला लागतात.

शाळेत मी विज्ञान शिकवते, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. पहिला संशय अर्थातच श्वास सोडण्यावर. हे दुखणं जुनं आहे. पाण्याखाली श्वास सोडतेय असं मला वाटायचं आणि प्रत्यक्षात मी तो धरून ठेवायची. सातव्या आठवड्यात लेकीनं वॉटरप्रूफ पाऊचमध्ये मोबाइल घालून व्हिडिओ काढला, तेव्हा तोंडासमोर एक बुडबुडा नव्हता. श्वास कोंडला की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि जीव घाबरा होतो तो मुख्यतः त्याच्यामुळं, ऑक्सिजन संपल्यामुळं नव्हे. शिवाय तोंड बाहेर आल्यावर जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची, ही दोन कामं अर्ध्या सेकंदात होत नाहीत.

त्यावर तेव्हा उपाय सापडला होता भ्रामरीचा. सर म्हणाले होते, पाण्यात तोंड घातलं की गुणगुणा. गुणगुणताना श्वास धरताच येत नाही, नाकातून हवा जावीच लागते. मी भ्रामरी सुरू केली आणि बुडबुड्यांची रांग लागली. त्यासाठी नाकाची क्लिप काढावी लागली, आणि त्या क्लिपबद्दल एकदाचं बोलून टाकते: गंजगोलाईतल्या एका दुकानात "सगळे नवशिके हीच घेतात" असं सांगून मला ती दिली होती. दीड महिना मी ती लावून नाकाला दोन लाल खड्डे पाडून घेतले. नाकाचा काही आजार असेल तर गोष्ट वेगळी, एरवी ज्या नाकातून हवा सोडायची तेच बंद करून काय शिकणार?

तर बुधवारी आणि गुरुवारी मी भ्रामरी मन लावून केली. लेकीनं पुन्हा व्हिडिओ काढला. बुडबुडे व्यवस्थित. म्हणजे श्वास सोडण्यात दोष नाही.

दुसरा संशय पायांवर. व्हिडिओत तिसऱ्या श्वासानंतर माझे पाय खाली जाताना स्पष्ट दिसत होते. मी सरांना म्हटलं, माझे पायच जड आहेत, किक कमी पडते. तर त्यांनी मुरलीकांत पेटकरांची गोष्ट काढली. ती ते बॅचमधल्या प्रत्येक मुलाला सांगतात, मला आत्तापर्यंत चार वेळा ऐकवलीय. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलेला माणूस, १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत जाऊन सुवर्णपदक घेऊन आला. "त्यांच्या पायांनी किक मारली नव्हती मॅडम. तुम्ही पायाला कशाला बोल लावायलात?" माझे अठरा मीटर एक्केचाळीस सेकंदांचे आहेत, त्यामुळे मी गप्प बसले.

पण गोष्टीतला मुद्दा बरोबर होता. पाय आपणहून बुडत नाहीत, डोकं त्यांना बुडवतं. फुप्फुसांत हवा असल्यानं छाती तरंगते, कमरेखालचा भाग जड असतो, आणि पाण्यात आपण आडव्या तराजूसारखे असतो. डोकं बोटभर वर उचललं की पाय वीतभर खाली जातात. मग तिरकं झालेलं अंग पाणी अडवतं, वेग मरतो, आणि वेग मेला की श्वासही मिळत नाही. कारण डोकं पुढं सरकताना कपाळापुढं लहानशी लाट उठते आणि तिच्यामागं, गालापाशी, पाण्यात खळगा पडतो. त्या खळग्यात तोंड उघडायचं असतं. तिथं हवा पाण्याच्या पातळीच्याही किंचित खाली मिळते. वेग नाही तर खळगा नाही. हे मला पाठ आहे. आर्किमिडीज तर मी फळ्यावर डोळे मिटून लिहीन. पाण्यात गेल्यावर मान तरीही वर.

शुक्रवारी गॉगल बदलला. (सिलिकॉनच्या कडेचा घ्या, जरा महाग पडला तरी. फोमच्या कडेचा माझा पहिला गॉगल तीन आठवड्यांत पाणी धरायला लागला होता. टोपीही सिलिकॉनचीच. लांब केस असतील तर आधी नळाच्या साध्या पाण्यानं भिजवा, म्हणजे केस क्लोरीनचं पाणी कमी पितात. तेल लावून येऊ नका, टँकवर तवंग येतो आणि फिल्टरवाला माणूस आपल्याकडं बघतो.) गॉगल बदलूनही नऊच मीटर. शनिवारी सकाळचा चहा बंद केला. नऊ मीटर आणि वर डोकेदुखी.

घरी वेगळाच त्रास. ह्यांनी औशाकडच्या त्यांच्या गावी विहिरीत पोहणं शिकलेलं, पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून. त्यांचं मत असं की डोकं पाण्यात घालायचंच कशाला? "आम्ही मान वर ठेवून तास-तास पोहायचो." खरंय ते. विहिरीत वरून कोण कधी मुटका मारील याचा नेम नसतो, समोर दगडी पायऱ्या, त्यामुळे मान वर ठेवणं हाच शहाणपणा. त्यांची सगळी विहीर आठ हातांची, पलीकडच्या कपारीला धरलं की झालं. सरांचंही मूळ विहिरीतलंच. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या वडिलांनी विहीर आणखी खोल खणली, त्र्याहत्तरच्या पावसात ती भरली, आणि आठ वर्षांच्या पोराला सुके भोपळे बांधून आत ढकललं. सर म्हणतात, विहिरीतली सवय मोडायला त्यांना दोन वर्षं लागली.

शेजारच्या काकूंचं मत आणखी निराळं: लातुरात राहून पोहायला जाता, लाज नाही वाटत? थोडी वाटते, खोटं कशाला बोलू. रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली आहे. एकदा गणितच मांडलं. आमचा टँक २५ बाय साडेबारा मीटर, उथळ बाजू साडेतीन फूट, खोल बाजू साडेपाच. म्हणजे साधारण सव्वाचार लाख लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जलदूतची पहिली खेप आली ती दहा वॅगनची, सुमारे पाच लाख लिटर. पुढं पन्नास वॅगनची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. पन्नास मीटर लांब, पंचवीस रुंद आणि दोन खोल असा ऑलिंपिकचा तलाव बरोबर तेवढाच. टँकचं पाणी रोज बदलत नाहीत, तेच फिल्टरमधून फिरतं. पण आपल्या उन्हात दिवसाला एक सेंटिमीटर जरी उडालं तरी तीन हजार लिटर गेलेच. म्हणून शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलं की आधी आमचा टँक बंद होणार हे मी धरून चाललेय, आणि म्हणूनच ही पंचवीस मीटरची घाई.

असो. रविवारी उलगडा झाला, आणि तो मी केलेला नाही.

लेक (वय नऊ, चौदा दिवसांत शिकली, त्यावर मला काही बोलायचं नाही) उथळ बाजूच्या पायरीवर बसून काकडी खात होती. मी तिसऱ्या खांबाशी उभी राहिले तेव्हा म्हणाली, "आई, तू श्वास घेत नाहीस. तू सरांकडं बघतेस."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"खरंच. दर वेळी. त्यांनी मान हलवली का ते बघतेस."

सर कडेवर उभे, हातात लांब बांबू. मी श्वासाला उजवीकडं वळते आणि सर नेहमी उजव्या कडेनं माझ्याबरोबर चालतात. उभ्या माणसाचं तोंड पाण्यापासून सहा फूट वर. ते दिसायचं तर एक डोळा बाहेर येऊन भागत नाही, मान वळवून वर उचलावीच लागते. दर श्वासाला मी मान उचलून विचारत होते: सर, बरोबर आहे का? सर, आता?

मग मंगळवारी अठरा कसे गेले? तेही लेकीनंच सांगितलं. त्या दिवशी पाच वर्षांचा एक नवा मुलगा सरांच्या गळ्याला मिठी मारून बसला होता, सोडेना, म्हणून सर अर्धा तास पाण्यातच होते. हनुवटीपर्यंत. त्यांचं तोंड पाण्याच्या पातळीला, त्यामुळे त्यांच्याकडं बघायला मला मान उचलावीच लागली नाही. गाल पाण्यातच राहिला. बुधवारी तो मुलगा आजोळी गेला, सर कडेवर आले, आणि मी बारावर आले.

चव्वेचाळीस वर्षांची बाई, वर्गात पोरांना "माझ्याकडं बघू नका, वहीत बघा" म्हणून ओरडते.

हे सोमवारी लिहितेय आणि सोमवारी टँक बंद असतो, याहून मोठा छळ नाही. ठरवलं होतं असं: उद्या सरांना पाण्यात उतरायला सांगायचं आणि पुढचे चारही सेशन तसेच घ्यायचे. बाराचं पॅकेज आहे, त्यातले पाच उरलेत. पुल बॉय (पाय तरंगत ठेवायला मांड्यांमध्ये धरायचा फोमचा तुकडा) मागवणार होते तो आता रद्द, पायांचा प्रश्नच नव्हता तर कशाला पैसे घालवू?

पण लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय. सर पाण्यात आले तरी मी त्यांच्याकडंच बघणार. सवय तीच, फक्त उंची कमी. त्यापेक्षा डावीकडं श्वास घेतला तर? डावीकडं कोणी नसतं. लेन रोप (पोहायच्या पट्ट्या वेगळ्या करणारा तरंगता दोर), मग मोकळं पाणी. डावी बाजू मी पाचव्या आठवड्यात "जमत नाही" म्हणून सोडली होती. मान तिकडं वळवायची सवय नाही, पण उचलायचीही सवय नाही! बिघडलेली बाजू दुरुस्त करण्यापेक्षा कोरी बाजू बरी असावी. उद्या हेच.

मंगळवार, रात्र.

सरांना सगळं सांगितलं. आधी हसले, मग जरा ओशाळल्यासारखे झाले. "म्हणजे एवढे दिवस मीच आडवा यायलो का?" म्हणाले. मग बांबू भिंतीला टेकवून उजवीकडच्या बाकावर पाठ करून बसले. जीवरक्षक खुर्चीत होता, आणि मी उथळ बाजूकडूनच निघाले होते, हे काळजीवाल्यांसाठी.

पहिल्या दोन फेऱ्यांत डावीकडून भरपूर पाणी प्याले. खळगा कुठं आहे तेच सापडेना, तोंड फार लवकर उघडत होते. तिसऱ्या फेरीला लेक ओरडली, "हात मागं गेल्यावर!" आणि ते खरं होतं, डावा हात मांडीकडं येईपर्यंत थांबायचं. चौथ्या फेरीला मिळाला. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर, तोंडाचा कोपरा हवेत. पाण्याच्या पातळीवरून लेन रोपचे लाल-पांढरे मणी एका ओळीत दिसले. इतकं शांत मला त्या टँकमध्ये कधी वाटलं नव्हतं. पुन्हा तोंड आत, भ्रामरी, पुन्हा मणी.

पाचव्या फेरीला सातवा खांब. एकवीस मीटर.

आणि थांबले ती दम लागून नव्हे. तिथं उभी राहून मी चक्क बोलू शकत होते. थांबले कारण माझा हात लेन रोपमध्ये अडकला होता. मी एकवीस मीटर पोहले, पण तिरकी पोहले. सहाव्या फेरीलाही तेच, सातव्या खांबाशी दोर हातात. डावीकडं श्वास घेताना उजवा हात पुढं न जाता आडवा येत असणार, छातीखालून मधली रेघ ओलांडून, असा माझा अंदाज. उद्या लेक पलीकडच्या टोकाला उभी राहून बघणार आहे.

सर म्हणाले, "दोर काढून टाकू का उद्या? पंचवीस होऊन जातील."

मी म्हटलं, राहू द्या.