नवी व्हर्टस घ्यावी की जुनी ऑक्टाव्हिया?

बजेट एकच असेल तर फोक्सवॅगनची नवी व्हर्टस १.५ (लिटरचं इंजिन) घ्यायची की स्कोडाची सेकंड हँड ऑक्टाव्हिया, हा प्रश्न गेले कित्येक दिवस डोक्यातून जातच नाहीये. व्हर्टस आपल्या चाकणलाच बनते, १५० पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखी ताकद), ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमधे ५ स्टार, वॉरंटी पण आहे, घरचे एकदम निवांत. पण २०२१ ची ऑक्टाव्हिया जवळून बघा हो, डिकी उघडली की मागची काचही सोबत वर जाते आणि आत ६०० लिटर जागा, बाहेरून मात्र एकदम सडपातळ सेडान, इतकी देखणी गाडी रस्त्यावर दिसली की मी वळून बघतोच. त्यात २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), १९० पीएस आणि तेलात बुडालेल्या वेट क्लचवाला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), जो आधीच्या १.८ ऑक्टाव्हियाच्या बिनतेलाच्या ड्राय क्लचपेक्षा ट्रॅफिकमधे जास्त टिकाऊ. म्हणून जुनी घ्यायची तर १.८ स्वस्त मिळतेय म्हणून भुलू नका, २.० च शोधा, सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण बघा, आणि गाडी थंड असताना स्वतः चालवून, रिव्हर्स टाकून, चढावर हळूहळू सरकवून गिअरबॉक्स झटका देतो का ते तपासा. माझं मन तरी ऑक्टाव्हियावरच बसलंय.