तुम्ही विचारलंत म्हणून: संक्रांतीच्या शुभेच्छांत राजकारण कशाला?

दर जानेवारीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कधी तो फोनवर येतो, कधी पत्रातून, तर कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडून. "मॅडम, तुम्ही वर्षभर राजकारणावर लिहिता, आम्ही वाचतोही. पण संक्रांतीच्या शुभेच्छा तरी नुसत्या शुभेच्छा म्हणून द्या की! त्यातही तुमचे नामांतर, हमीभाव आणि आरक्षण कशाला?" गंमत म्हणजे याच्या नेमका उलटा प्रश्न विचारणारेही तितकेच आहेत. "ज्यांच्याविरुद्ध वर्षभर लिहिलेत, त्यांनाच आता तिळगूळ देता, म्हणजे मग ते लिहिणे खोटे होते का?" तोंडी उत्तर द्यायला जावे, तर विचारणारा हातावर तिळगूळ ठेवून पुढच्या घरी निघालेला असतो. म्हणून या वेळी लिहूनच उत्तर देते.

मी लातूरला राहते, राज्यशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले आणि आता स्थानिक वर्तमानपत्रांत लिहिते. वाचकांचे आभार मानण्यासाठी मी दरवर्षी शुभेच्छांचे एक पत्र लिहिते, आणि त्यासाठी दिवाळी सोडून संक्रांत निवडली, याचे कारण साधे आहे. माझा निम्मा वाचक शेतकरी आहे आणि दिवाळीच्या तोंडावर तो सोयाबीनची रास करणे, पोती भरणे आणि भाव बघणे यांत इतका गुंतलेला असतो की त्याला माझ्या शुभेच्छांपेक्षा मळणी यंत्रवाल्याचा फोन महत्त्वाचा वाटतो, आणि तेच योग्य आहे. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, आटोपली, रानात ज्वारी आणि हरभरा उभा राहिला, म्हणजे आमच्याकडे माणसाला जरा बसून वाचायला सवड मिळते.

सणात राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांना माझी पहिली विनंती अशी, की त्यांनी सणाच्या आदल्या दिवशी आपल्या गावच्या मुख्य चौकात उभे राहून एकदा वर बघावे. तिथे शुभेच्छांचा फ्लेक्स असतो. मधोमध साहेबांचा कमरेपर्यंतचा फोटो, वरच्या पट्टीत दिल्ली आणि मुंबईच्या नेत्यांची गोल चित्रे, खाली हात जोडलेल्या युवा नेत्यांची रांग, त्या रांगेत ज्याने पैसे दिले त्याचे डोके इतरांपेक्षा किंचित मोठे, आणि उरलेल्या जागेत, बहुधा एका कोपऱ्यात, दोन तिळाचे लाडू आणि एक पतंग. 'शुभेच्छुक' या शब्दाखाली नावांची जी उतरंड असते, तिच्यावरून पुढच्या जिल्हा परिषदेचे तिकीट कुणाला हवे आहे, हे जाणकार माणूस चहा संपायच्या आत सांगू शकतो. या फ्लेक्सखालून रोज जाणारे लोक मला मात्र विचारतात, की सणात राजकारण कशाला. सणात राजकारण मी आणलेले नाही. ते आधीच चौकात टांगलेले आहे, फक्त त्यात उमेदवार असतात आणि प्रश्न नसतात.

दुसरे कारण खुद्द तारखेत आहे, आणि मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. 14 जानेवारी हा आमच्याकडे केवळ संक्रांतीचा दिवस नाही. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणासाठी मराठवाड्यातल्या मुलांना हैदराबादला जावे लागे आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात माध्यम उर्दू होते. 17 सप्टेंबर 1948 रोजी हा भाग मुक्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, 1950 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला, आणि मुंबईत ठराव झाल्याबरोबर इकडे खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. 1979 मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला, 1993 मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतले, आणि अखेर 14 जानेवारी 1994 रोजी, म्हणजे ठराव झाल्यापासून साडेपंधरा वर्षांनी, 'मराठवाडा' हे नाव कायम ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव जोडण्यात आले. यालाच नामविस्तार म्हणतात. ती संक्रांत किल्लारीच्या भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी आली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे घरे गेलेली माणसे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अजून पत्र्याच्या निवाऱ्यांत होती.

आता मला सांगा, या प्रदेशात राहून, या प्रदेशातल्या वाचकांना 14 जानेवारीला पत्र लिहायचे आणि त्यात फक्त तिळाची स्निग्धता आणि गुळाचा गोडवा यांचाच उल्लेख करायचा, हे कसे जमावे? त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटपुढे नांदेड, परभणी, हिंगोलीपासून लोक येतात. मी विद्यार्थ्यांबरोबर तिथे गेले आहे. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पुस्तके मांडलेली असतात, निळ्या झेंड्यांमधून वाट काढावी लागते, आणि भाषणांपेक्षा मोठा आवाज पुस्तकविक्रेत्यांचा असतो. एकदा तिथे एका वयस्क बाईंनी पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवला, 'गोड बोला' म्हणाल्या आणि लगेच विक्रेत्याकडे वळून सुनेसाठी मोठ्या अक्षरांतले संविधान आहे का, म्हणून विचारू लागल्या. किंमत ऐकल्यावर त्यांनी अशी काही घासाघीस केली, की गोड बोलण्याचा विषय तिथेच संपला. त्या बाईंच्या दिवसात सण आणि नामविस्तार असे दोन कप्पे नव्हते. मग ते माझ्या पत्रात का असावेत?

(संक्रांत कधी कधी 15 तारखेला येते, उदाहरणार्थ 2024 मध्ये. त्या वर्षी काही वाचकांनी, आता तरी दोन वेगळी पत्रे लिहा, असे सुचवले होते. मी नेहमीसारखे एकच लिहिले.)

इथे एक अडचणीची गोष्टही सांगायला हवी, कारण ती टाळली तर माझ्या शुभेच्छाही फ्लेक्ससारख्याच होतील. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते. निजामाविरुद्धच्या लढ्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, मराठवाड्याच्या अनुशेषासाठी आणि हक्काच्या पाण्यासाठी जे अखेरपर्यंत भांडले, त्यांच्यापैकी ते एक मोठे नाव. 17 सप्टेंबरला मी त्यांच्याविषयी कृतज्ञतेने लिहिते आणि 14 जानेवारीला त्यांची भूमिका चुकली असे लिहिते. दोन्ही तारखांना मला पत्रे येतात, बहुधा वेगवेगळ्या घरांतून. विद्यार्थ्यांना शिकवताना मी हेच सांगत आले, की एका माणसाचे ऋण मान्य करणे आणि त्याच्याशी मतभेद ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिता येतात. मराठवाड्यात तरी त्यावाचून गत्यंतर नाही. आमच्याकडे पत्राच्या माथ्यावर गावाचे नाव लिहिले तरी माणसाची बाजू ओळखली जाते. औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद की धाराशिव, यावरून लोक पुढचा मजकूर वाचायचा की नाही हे ठरवतात.

गोड बोलण्याचे आणखी एक अंग आहे, आणि ते मला बाई म्हणून जवळून दिसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते, वाण लुटले जाते, आणि त्या निमित्ताने बायका दोन घटका घराबाहेर पडतात, ही चांगलीच गोष्ट. पण मराठवाड्यात नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केल्यामुळे एकट्या पडलेल्या बायका गावोगाव आहेत. शेत त्या बघतात, सोसायटीचे कर्ज त्यांच्या डोक्यावर असते, तलाठ्याकडे सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी चकरा त्या मारतात, आणि शेजारच्या घरात हळदीकुंकू असले की बोलावणे फक्त त्यांनाच येत नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितले. ठराव झाले, फोटो निघाले. तरी तबक घेऊन फिरणारी सून अजूनही दाराशी थबकते आणि आत बसलेल्या सासूकडे बघते, हे मी आमच्याच गल्लीत पाहते. 'सर्व भगिनींना शुभेच्छा' असे लिहिले की या बायकाही त्यात आल्या, असे समजणे ही आपली सोय आहे. त्यांना वेगळे नाव घेऊन शुभेच्छा द्याव्या लागतात, आणि नाव घेतले की कर्ज, सातबारा आणि पेन्शन हे विषय मागोमाग येतात. त्याला कुणी राजकारण म्हणत असेल, तर म्हणू दे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. विरोधकांना तिळगूळ कशाला? ऑगस्ट 2023 मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, पुढल्या वर्षी तिथून जवळच वडीगोद्रीत ओबीसींच्या बाजूने उपोषण झाले, आणि सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटच्या, म्हणजे निजामकाळातल्या सरकारी नोंदींच्या, आधारे मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठीचा शासन निर्णय निघाला. या प्रत्येक टप्प्यावर मी लिहिले आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचे वाचक रागावले. तो राग मला चालतो. मला खुपते ते वेगळेच. काही गावांत चहा कुणाच्या हॉटेलात घ्यायचा आणि किराणा कुणाच्या दुकानातून भरायचा, हे आता जात बघून ठरू लागले आहे. आमच्या लातूर-धाराशिवकडे येळवशीला शेतात कडब्याची कोप उभारतात, पाच पांडव मांडून पूजा करतात, आणि मग भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बोलावतात. अलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला सांगितले, की शेजारच्या बांधावरून या वर्षी हाक आली नाही आणि त्यानेही मारली नाही. दोघे लहानपणापासूनचे मित्र. भांडण झालेले नव्हते. भांडण झाले असते तर बरे, निदान बोलणे तरी झाले असते.

म्हणून मी विरोधी मताच्या वाचकाला मुद्दाम तिळगूळ देते. माझे म्हणणे मागे घेतले, असा त्याचा अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात त्याच विषयावर पुन्हा लिहीन, तेव्हा त्याने ते वाचावे आणि पुन्हा भांडायला यावे, एवढीच अपेक्षा त्यात असते.

आणि असे भांडायला येणाऱ्यांचे आभार मानण्यावाचून माझे वर्ष पुरे होत नाही. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. मी त्यावर लिहिले, तेव्हा औसा तालुक्यातल्या एका वाचकाने काही न लिहिता फक्त आडतीवरच्या पट्टीचा फोटो पाठवला. निळ्या शाईतली ती पट्टी वाचायला मला भिंग घ्यावे लागले. वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली घाईघाईने मारलेली बेरीज, आणि भावाच्या रकान्यात हमीभावापेक्षा कितीतरी कमी आकडा, कारण शेजारी एकच शब्द लिहिलेला: ओला. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के, पाऊस ऑक्टोबरपर्यंत, आणि माल वाळवायला ना खळे ना उसंत. माझ्या लेखातल्या चार परिच्छेदांत जे आले नव्हते, ते त्या एका पट्टीत होते. हा वाचक माझ्या राजकीय मतांना कधीच मत देणार नाही, हे त्याने पूर्वी स्पष्ट कळवलेले आहे. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत त्याच्या नदीकाठच्या रानाची माती खरडून गेली. त्या दिवाळीत त्याला शुभेच्छा कोणत्या शब्दांत द्याव्यात, हे मला सुचले नव्हते. मी फोन करून पंचनामा झाला का, एवढेच विचारले. तो म्हणाला, "बाई, दिवाळीला असं इचारणारं तुम्हीच."

तेव्हा या वर्षीही पत्र येईल आणि ते तसेच असेल. ज्यांना नुसता तिळगूळ हवा आहे, त्यांनी पहिल्या ओळीनंतर थांबायला माझी हरकत नाही. ती ओळ सगळ्यांसाठी असते आणि मनापासून असते. ज्यांना पुढचे वाचून राग येईल, त्यांनी तो जरूर कळवावा. फक्त खाली गाव आणि तालुका लिहावा, आणि पीककर्जाविषयी, पाण्याविषयी किंवा भावाविषयी काही म्हणणे असेल, तर हाताशी असलेल्या कागदाचा फोटो जोडावा. नीट उजेडात काढलेला असला तर फार बरे.